अकराची नोंद

१ मार्च

तीर्थरूप दादा,

नमस्कार पोचला असं समज. वाकून करायला पाठ तयार नाही. छापखान्यात दिवसभर मुद्रितं तपासून ती आधीच वाकलेली आहे.

सोबतच्या खोक्यात नवा राउटर आहे. खोकं उलटंसुलटं करून "हे काय नवीन खूळ" म्हणायच्या आधी पुढचं वाच. बेबीताईची परीक्षा अठरा तारखेला आहे. कोर्टातली तिची लघुलेखकाची जागा गेली, त्यांनी माणसांऐवजी यंत्रं बसवली, त्याला आता दीड वर्ष झालं. तेव्हापासून ती घरात बसून आहे. आता ऐकू न येणाऱ्या मुलांच्या एका संस्थेला तिच्यासारखं माणूस हवंय. शिक्षक तिकडे वर्गात बोलणार, ताई इकडे घरी ऐकणार आणि बोलल्याबरोबर टाइप करणार, मुलं पडद्यावर वाचणार. परीक्षाही तशीच, नेटवरून, दोन तासांची. मध्ये दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ लाइन तुटली की उमेदवार बाद. पन्नाशीला आलेल्या बाईला अशी नोकरी रोज कोणी देत नाही.

तुझा राउटर बाहेरच्या खोलीत. तिची खोली पार मागे, आणि मध्ये दोन जाड भिंती. आमच्या छापखान्यातला कॉम्प्युटरवाला म्हणतो की जुन्याला त्या भिंती पार होत नाहीत, नव्याला होतात. जुना काढ, हा लाव. दहा मिनिटांचं काम आहे. अठराच्या आत लाव.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण आपण फोनवर तिसऱ्या वाक्याला भांडतो आणि चौथ्याला तू फोन ठेवतोस. पत्रात निदान मला शेवटपर्यंत बोलता येतं.

तुझा,
धाकटा


५ मार्च

चिरंजीव धाकटेराव,

आशीर्वाद. पाठीला तेल लावावं, जिभेला नको, ती आधीच बरी चालते.

खोकं मिळालं. आतल्या वस्तूला चार शिंगं आहेत. आपल्या जुन्याला एक आहे आणि तेही वाकडं, पण नऊ वर्षांत तो एकदाही बंद पडला नाही. हे तुझ्याबद्दल म्हणता येत नाही.

खोक्यावर छापलंय, "तिप्पट वेग". कशाच्या तिप्पट, ते कुठेही लिहिलेलं नाही. मी भिंग लावून चारही बाजू बघितल्या. एकतीस वर्षं मी वजनमापं खात्यात निरीक्षक होतो. ज्या दुकानाच्या पाटीवर "भरपूर" आणि "अस्सल" असे शब्द दिसायचे, त्याचा तराजू मी आधी तपासायचो, आणि दहापैकी नऊ वेळा पारड्याखाली पासंग चिकटवलेला सापडायचा. तेव्हा तुझा तो कॉम्प्युटरवाला काय म्हणतो त्यावर हे घर चालणार नाही. रीतसर तपासणी होईल.

पद्धत अशी. राउटरपासून एक हातावर स्टूल, स्टुलावर माझा फोन. आधी जुन्याचा वेग तीनदा मोजायचा आणि मधला आकडा धरायचा. मग नेटची तार काढून नव्याला लावायची, तो सुरू झाला की त्याचाही तसाच मोजायचा. मग तार परत जुन्याला. दिवसातून तीन नोंदी, सातला, अकराला आणि चारला. वेळ म्हणजे वेळ. तू अठरा तारीख लिहिलीस, ठीक आहे, अठरा तारखेला शेवटची नोंद होईल आणि निकाल लागेल. तोवर नव्याचा मुक्काम कपाटात. तपासणीपुरता बाहेर येईल, आणि आत गेला की कपाटाच्या कडीला तार आणि शिशाचं सील. खात्यातलं जुनं सामान ठेवलंय मी.

मागच्या वर्षी मी चक्कर येऊन पडलो, तेव्हापासून तू मला कामातून गेलेला समजतोस हे माझ्या लक्षात आलेलं आहे. डोकं शाबूत आहे. पाय थोडे ऐकत नाहीत, एवढंच.

बेबीनं काल विचारलं, "दादा, लावूनच बघूया का तो?" मी म्हणालो, "लावूनच बघतोय की, दिवसातून तीनदा." ती हसली. तिला पद्धतीची कदर आहे.

तुझा,
दादा


८ मार्च

तीर्थरूप दादा,

तुझं पत्र दोनदा वाचलं, एकदा भाऊ म्हणून आणि एकदा मुद्रितशोधक म्हणून. भाऊ म्हणून हसलो. दुसऱ्या वेळी चूक सापडली, आणि हसू गेलं.

तू राउटरपासून एक हातावर मोजतोयस. अरे, दिवा लागतो का हे दिव्याला नाक लावून बघणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. अंधार मागच्या खोलीत आहे. कंपनी तुझ्या घरात सेकंदाला चाळीस मेगाबिट आणून सोडते. त्याहून जास्त घरात येतच नाही, तर एक हातावर जुना काय आणि नवा काय, दोघंही चाळीसच्या आसपासच दाखवणार. फरक पडतो तो भिंतीपलीकडे. तेव्हा फोन उचल, मागे जा, ताईच्या टेबलावर ठेव आणि तिथे मोज. चौदा पावलं आहेत. पाय ऐकत नसतील तर वीस होतील.

आणि ते सील! घरातल्या कपाटाला सील ठोकणारा माणूस आणि त्याला "अहो, सील काढा" अशी पत्रातून विनंती करणारा त्याचा भाऊ, या दोघांत जास्त मूर्ख कोण, याचा मी विचार करतोय. तुझ्या खात्यात माझ्यासारख्या तक्रारदाराला उभं तरी करत होते का?

तपासणी तुझी आहे, दादा, परीक्षा तिची आहे. दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेव.

काल ताईला फोन केला. म्हणाली, "चाललंय की. दादाला टोचू नकोस." ती "चाललंय की" म्हणाली की काहीही चाललेलं नसतं. हे तुला अजून माहीत नसेल तर एका घरात राहून उपयोग काय?

तुझा,
धाकटा


१२ मार्च

चिरंजीव धाकटेराव,

उंटावरून शेळ्या हाकू नयेत, असं आपल्याला शाळेत शिकवलं होतं. तू त्या दिवशी गैरहजर असावास.

तराजू जिथे उभा असतो तिथेच तपासतात. दुकानात, त्याच फळीवर, त्याच उजेडात. गिऱ्हाइकाच्या मागोमाग त्याच्या स्वयंपाकघरात जाऊन पुडा पुन्हा मोजत नाहीत. वाटेत पुडा फाटला, तर तो दोष तराजूचा नव्हे. भिंत आडवी आली, तर तो दोष भिंतीचा. हे एकतीस वर्षं सगळ्या खात्याला पटलं. तुझ्या छापखान्याला पटत नाही, याचं मला वाईट वाटत नाही.

दुसरं म्हणजे, ती तिची खोली आहे. आपल्या आईवडिलांच्या मागे ती या घरात राहायला आली त्या दिवशी मी तिला सांगितलं, बेबी, उंबऱ्याच्या आत तुझं राज्य. अकरा वर्षं झाली, मी आत पाऊल टाकलेलं नाही. हाक मारायची तर बाहेरून. आता या वयात तिच्या टेबलावर फोन ठेवून आकडे घ्यायला मी काय झडती घ्यायला आलेला शिपाई आहे?

आतापर्यंतच्या नोंदी: जुना सरासरी ३९.२, नवा ३८.९. तुझं चार शिंगांचं जनावर आपल्या एकशिंग्याच्या मागेच आहे. अजून सहा दिवस आहेत, त्याला संधी मिळेल. माझा कोणावर राग नसतो. काल बरोबर अकराला प्लंबर आला, त्याला नोंद होईपर्यंत बाहेर उभा केला. तो काहीतरी पुटपुटला. तपासणीच्या वेळी अर्थमंत्री आला असता तरी उभा केला असता.

बेबी तयारी करते आहे, काळजी नको. मात्र हल्ली तिला एक खोड लागली आहे. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर कॉम्प्युटर मांडीवर घेऊन बसते, तास तास. मी दोनदा बोललो, पाठ मोडेल, खोलीतलं टेबल काय शोभेला आहे? तर म्हणते, "इथे बरं वाटतं, दादा." वारा येतो तिथे, ते खरं आहे.

तुझा,
दादा


१४ मार्च

दादा,

मायना लिहीत बसत नाही. ती पायरीवर वाऱ्यासाठी बसत नाही रे. पायरीवर लाइन मिळते म्हणून बसते. खोलीत मिळत नाही. परीक्षेला मात्र दार बंद करून एकटं बसावं लागतं, कॅमेऱ्यापुढे, तसा नियमच आहे. पायरी चालत नाही.

परीक्षा अठराला आणि तुझा निकालही अठराला! याला वरातीमागून घोडं म्हणतात, आणि तू तर त्या घोड्याचंही वजन करून मग सोडणार.

तुला आज फोन केला, तू "पत्रात लिही" म्हणून ठेवून दिलास. मग ताईला म्हणालो, तोड ते सील. तर म्हणते, "त्याचं सील आहे रे, मी कशी तोडू." कोर्टात एकोणीस वर्षं काढलेली बाई ही!

पत्र हातात पडेल त्या मिनिटाला नवा लाव. तुझा निकाल मग महिन्यानं दे. मी तो स्वतः छापून देईन, जाड कागदावर, सोनेरी चौकट करून. पण आधी लाव.

धाकटा


२१ मार्च

चिरंजीव धाकटेराव,

तुझं चौदा तारखेचं पत्र मला एकोणीसला मिळालं. पोस्टाचा वेग कोणी मोजत नाही, हे पोस्टाचं नशीब.

बेबीची परीक्षा पार पडू शकली नाही. सुरू झाली आणि दोनच मिनिटांत लाइन गेली, ती सात मिनिटं आली नाही. नियमाप्रमाणे बाद. कंपनीचा भोंगळ कारभार, दुसरं काय. मी कडक शब्दांत तक्रार नोंदवली आहे. माझ्या बाजूनं काडीची कसूर नव्हती. तिनं दाराला कागद चिकटवला होता, "११ ते १ परीक्षा, आत कोणी येऊ नये". मी आत गेलो नाही. रेडिओ लावला नाही. दाराची घंटा काढून ठेवली. शिंकसुद्धा दाबली.

बेबी कामं करते, जेवते, वेळच्या वेळी माझ्या गोळ्या काढून ठेवते. आपण दोघांनी मिळून ती गोष्ट आता वाढवू नये.

तपासणी पूर्ण झाली आहे. अंतिम सरासरी: जुना ३९.२, नवा ३८.९. निकाल: नवा राउटर कोणत्याही अर्थानं वरचढ नाही. "तिप्पट" हा शब्द ग्राहकाची दिशाभूल करणारा आहे. वस्तू परत पाठवण्यास हरकत नसावी. पूर्ण तक्ता सोबत जोडला आहे, चौदा दिवसांचा. शेवटच्या दिवसाच्या नोंदी इथेच देतो, म्हणजे तुला शोधावं लागणार नाही.

सकाळी ७.००: जुना ३९.३, नवा ३८.९.
सकाळी ११.००: जुना ३९.२. ११.०२ ला तार बदलली. ११.०६ ला नवा ३८.८. ११.०७ ला तार परत. ११.०९ ला जुना पूर्ववत सुरू. (शेरा: नवा सुरू व्हायला फार वेळ घेतो, हा आणखी एक दोष.)
दुपारी ४.००: जुना ३९.१, नवा ३९.०.

पत्राचं उत्तर दिलंच पाहिजे असं नाही.

दादा


२५ मार्च

दादा,

उत्तर देतो आहे.

कंपनीला मीही विचारलं. अठरा तारखेला तुमच्या गल्लीत लाइन एक सेकंदही गेलेली नव्हती. तक्रार मागे घे, उगाच त्या बापड्यांचा वेळ खाऊ नकोस.

मग तुझा तक्ता वाचला. मुद्रितशोधक आकडे आधी वाचत नाही, आधी डावीकडचा रकाना वाचतो. डावीकडे वेळ होती. ताईची लाइन गेली ११.०२ ला. आली ११.०९ ला. आता तू तुझ्या हातानं लिहिलेली मधली ओळ वाच. मोठ्यानं वाच, म्हणजे निदान तुझ्या कानावर तरी पडेल.

मला आधी वाटलं, लिहिण्यात चुकलं असेल. मग आठवलं की तू आकड्यात चुकत नाहीस. मला पत्रात खोटं लिहिलंस, कंपनीला खोटं लिहिलंस, पण तक्त्यात खोटा आकडा घालायला तुझा हात धजला नाही. वर त्याच्याखाली शेरा, की नवा सुरू व्हायला वेळ घेतो! दादा, शिंक दाबलीस आणि तार उपटलीस. घंटा काढून ठेवलीस आणि तिची नोकरीही काढून ठेवलीस. एवढा काटेकोर गाढवपणा करायला एकतीस वर्षांचा अनुभवच लागतो.

माझा वाटा मी नाकारत नाही. तीन तासांवर राहतो आणि राउटर पोस्टानं पाठवतो, टोमणेही पोस्टानंच. एका रविवारी येऊन दहा मिनिटांत लावून गेलो असतो. तुझ्याशी तोंडाला तोंड नको म्हणून आलो नाही. त्याची लाज मला वाटते, तुझी तू बघ.

आता शेवटचं. ताईला तुला सांगायला जमत नाही, म्हणून मी सांगतो. तेवीस तारखेला ती "दाताच्या डॉक्टरकडे जाते" म्हणून दिवसभर बाहेर होती ना? ती संस्थेत गेली होती. त्यांनी तिथे बसवून तिची परीक्षा पुन्हा घेतली. एकवीस जणांत ती पहिली आली. नोकरी मिळाली. पण तिच्या कागदावर शेरा पडला आहे, "घरची लाइन भरवशाची नाही". म्हणून घरून काम नाही, तिथेच राहून करायचं. ती तीस तारखेला जाते आहे.

तिच्याशी नीट वाग. पद्धतशीर नको, नुसतं नीट.

धाकटा


८ एप्रिल

धाकट्या,

तुझं पत्र अठ्ठावीसला मिळालं. तू लिहिलंस त्यातला एक शब्दही मला खोडता आला नाही. खोडायला बसलो होतो, लाल पेन घेऊन. नाही आला.

घडलं ते असं. कागदावर लिहिलं होतं आत येऊ नये, तर मी आत गेलो नाही. परीक्षा नेटवर आहे हे मला माहीत होतं. नेट त्या तारेतून येतं हेही माहीत होतं. पण घड्याळात अकरा वाजले आणि माझ्या डोक्यात फक्त अकराची नोंद होती. तार काढली. आतून तिची हाक आली, "दादा, लाइन गेली का?" मी म्हणालो, "थांब, नोंद चालू आहे." असंच म्हणालो. मग ती दारात येऊन उभी राहिली. माझ्या हातात तार होती. तिनं तारेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मला त्याच क्षणी कळलं, धाकट्या. कळलं, आणि तरी मी म्हणालो, "दोन मिनिटं." आणि नव्याचा वेग मोजला, तीनदा, आणि मधला आकडा लिहिला. का, ते मला विचारू नकोस. हात चालू होते, ते थांबवायचे कसे ते माहीत नव्हतं. नंतर तुला कंपनीचं नाव सांगितलं. एकतीस वर्षं मी लोकांचे पासंग पकडले, आणि माझ्याच पारड्याखाली केवढा चिकटवून ठेवला होता.

ती तीसला गेली. मी बॅग उचलायला गेलो, तर म्हणाली, "राहू दे, चक्कर येईल." गोळ्या पंधरा दिवसांच्या काढून, पुड्या बांधून, प्रत्येकीवर वार लिहून ठेवून गेली. टोमणा एकसुद्धा मारला नाही. तुझे चालतात मला. तिनं न मारलेला चालत नाही.

एकतीसला सील तोडलं आणि नवा लावला. बैल गेला आणि झोपा केला, हे तू म्हणायच्या आधी मीच म्हणून ठेवतो. मग फोन घेऊन मागे गेलो. दारात बराच वेळ उभा होतो. शेवटी आत गेलो आणि तिच्या टेबलावर मोजलं. आधी जुना लावून, मग नवा लावून. जुना २.७. नवा ३४.६. सात वेळा मोजलं, कारण माझा विश्वास बसेना. २.७ वर ती दीड वर्ष बसली आणि पायरीवरून मला म्हणाली, इथे बरं वाटतं, दादा.

संस्थेला मी पत्र लिहिलं. लाइनला दोष नाही, तार मी काढली, शेरा पुसून टाका. त्यांचं उत्तर सभ्य आहे. उमेदवारानं मागितलं तर घरची परीक्षा पुन्हा घेऊ, पास झाली तर घरून काम करू देऊ, असं लिहितात. तेव्हा तू तिला सांग. मी सांगितलं तर ती "बघू" म्हणेल, आणि तिचं "बघू" म्हणजे काय ते मला आता कळायला लागलंय. तिला सांग, ३४.६ येतो, दार लावूनसुद्धा. सांग की कपाटाला आता कडी-कुलूप काही नाही. तिचं टेबल मी हलवलेलं नाही. घर फार मोठं आहे, धाकट्या, हे मला ठाऊक नव्हतं.

तू रविवारी येणार असलास तर ये. भांडू, पण समोरासमोर.

दादा


१५ एप्रिल

प्रिय दादा,

तुझं धाकट्याला लिहिलेलं पत्र त्यानं जसंच्या तसं मला पाठवलं. तुम्ही दोघं एकमेकांना इतकी लांबलचक पत्रं लिहिता आणि मी तुझ्यापासून चौदा पावलांवर बसलेली असायचे, पण मला कोणी एक ओळ लिहीत नाही. तेव्हा मीच लिहिते.

आधी कामाचं. मंगळवारची पुडी संपली असेल तर नवीन बांधायच्या आधी डॉक्टरांना विचार, ते डोस कमी करणार होते. दुधवाल्याला एकच पिशवी सांग. आणि धाकटा रविवारी आला की त्याला गच्चीच्या टाकीकडे बघायला लाव, बोलण्यात वेळ घालवू देऊ नकोस.

मी बरी आहे. बरी म्हणजे खरंच बरी, तुम्ही दोघं काढता तो अर्थ नको. माझी जागा वर्गात पहिल्या बाकाशेजारी आहे. भूगोलाच्या बाई फळ्याकडे तोंड करून बोलतात, मी हात वर करते, मग त्या वळतात आणि पुन्हा सांगतात. एक मुलगी आहे, मी टाइप करताना एखादा शब्द चुकला तर ती भुवया उडवते. तिच्यापुढे तुझं सगळं खातं गप्प बसेल. काल शिक्षकांनी विनोद केला. मी तो टाइप केला, आणि एका क्षणानं सगळा वर्ग हसला. एवढी वर्षं कोर्टात बसले, माझं टाइप केलेलं वाचून कोणी हसलेलं मी पाहिलं नव्हतं.

घरची परीक्षा मी मागणार नाही, दादा. "बघू" नाही, नाही. तू संस्थेला खरं लिहिलंस, ते मला आवडलं. मोठ्या माणसाला ते जड जातं, आणि तुला तर फारच. राउटर चालू राहू दे, धाकट्याला कामाला येईल.

पण सगळ्यांना तू सांगत सुटशील की बेबी त्या तारेमुळे गेली, म्हणून एक गोष्ट सांगते. ती मी धाकट्यालाही सांगितलेली नाही. संस्था पहिल्या दिवसापासून मला इथेच राहायला बोलावत होती. खोली देतो म्हणाले, जेवण देतो म्हणाले. घरूनच करीन, हा हट्ट माझा होता. त्यासाठी वेगळी परीक्षा त्यांनी माझ्या एकटीकरता ठेवली होती. तू पडलास त्या दिवसापासून तुला एकट्याला सोडून मी जाऊ कशी, तेच मला कळत नव्हतं. अठरा तारखेला, अकरा वाजून नऊ मिनिटांनी, ते कळलं.

तुझी,
बेबी